उन्हाळ्यात रायफलवरच्या स्कोपचा झिरो सरकतो : तपासणी कुठून सुरू करावी

लक्षणे

सकाळी साडेसहाला दहा मीटरवर मारलेले पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ बसतात. त्याच रायफलने, त्याच डब्यातल्या छर्ऱ्यांनी दुपारी साडेबाराला मारले तर पाचही छर्रे एकमेकांना धरूनच बसतात, पण तो सगळा पुंजका चार-पाच मिलिमीटर वर किंवा बाजूला गेलेला असतो, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो आपोआप जागेवर परत येतो. हे पहिले लक्षण.

दुसऱ्या लक्षणात पुंजका सरकतो पण परत येत नाही. आज स्कोपवरची नेम बदलायची चकती चार क्लिक (टप्पे) फिरवून झिरो आणला, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवले, परवा पुन्हा तीन क्लिक फिरवावे लागले, पुढच्या रविवारी आणखी पाच, असे चालू राहते. तिसऱ्यात पुंजका सरकण्याऐवजी विस्कटतो : एक छर्रा वर, दोन उजवीकडे, एक बरोबर मध्यभागी. चौथ्यात स्कोपमधून, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीतून, दिसणारे लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखे हलते आणि क्रॉसहेअर (नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा) स्थिर असूनही नेम कुठे धरायचा हे कळत नाही. पाचवे लक्षण उशिरा, मृग लागल्यानंतर दिसते : भिंगाच्या आतल्या बाजूला धुके धरते आणि बाहेरून कितीही पुसले तरी जात नाही.

ही पाचही लक्षणे घेऊन येणारे लोक सहसा एकच वाक्य बोलतात, की उन्हामुळे स्कोप खराब झाला. गेली बारा-तेरा वर्षे मी हा एकच दोष दुरुस्त करत आलो आहे, आणि माझ्या टेबलावर आलेल्या स्कोपांपैकी फार थोड्या स्कोपांची काच किंवा आतली यंत्रणा खरोखर बिघडलेली होती. बाकी सर्व ठिकाणी दोष काच आणि लोखंड यांच्यामधल्या जोडांमध्ये होता. ऊन नवा दोष क्वचितच निर्माण करते. जानेवारीत जो जोड अर्धवट बसवला होता, तो मे महिन्यात उघडा पडतो. म्हणून नवा स्कोप विकत घेण्याआधी पुढची तपासणी दिलेल्या क्रमानेच करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या तीन पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही.

एक खुलासा आधीच करतो. दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. तिथे पीप साइटच (बारीक छिद्रातून नेम धरण्याची साइट) वापरावी लागते. हा लेख स्प्रिंगच्या किंवा पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या) एअर रायफलवर सरावासाठी स्कोप लावणाऱ्यांसाठी, तसेच परवानाधारकांच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची काडतुसाच्या) रायफलसाठी आहे.

उष्णता नेमके काय करते

नागपूरच्या हवामानाचा पल्ला मोठा आहे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. हे झाले सावलीतल्या हवेचे तापमान. नवतप्याच्या दुपारी उन्हात ठेवलेली काळी नळी आणि काळा स्कोप त्याहून कितीतरी तापतात. हात ठेववत नाही, हे प्रत्येकाने अनुभवले आहे.

स्कोपची नळी आणि माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी पकड) बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, तर रायफलची नळी, रिसीव्हर (नळीमागचा मुख्य भाग, ज्यावर माउंट बसते) आणि माउंटचे स्क्रू पोलादाचे. एक अंश तापमान वाढले की ॲल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा तुकडा सुमारे २३ मायक्रॉनने वाढतो आणि पोलादाचा साधारण १२ मायक्रॉनने. म्हणजे १०० मिलिमीटर अंतरावर माउंटच्या दोन रिंगा (स्कोपच्या नळीभोवतीची कडी) असतील आणि तापमान ४० अंशांनी वाढले, तर वरचे ॲल्युमिनियम आणि खालचे पोलाद यांच्या वाढीत सुमारे ०.०४५ मिलिमीटरचा फरक पडतो. केसाची जाडीही याहून जास्त असते. पण एखादी रिंग दुसरीच्या तुलनेत एवढीशी, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, वर किंवा बाजूला ढकलली गेली तर दहा मीटरवर नेम ५ मिलिमीटरने आणि पन्नास मीटरवर २५ मिलिमीटरने चुकतो. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) क्लिकचा स्कोप दहा मीटरवर एका क्लिकला साधारण ०.७ मिलिमीटर हलतो, म्हणजे हा फरक सात क्लिकांचा झाला.

माउंट नीट, सरळ रेषेत आणि सगळीकडे सारख्या दाबाने बसवलेले असेल तर ही वाढ लांबीच्या दिशेने होते, दोन्ही रिंगा ती सारखी सहन करतात आणि नेमावर जवळजवळ परिणाम होत नाही. रिंगा वाकड्या बसल्या असतील, डव्हटेलमध्ये (रिसीव्हरवरची माउंट अडकवायची खाच) कचरा असेल किंवा एका बाजूचे स्क्रू जास्त आवळलेले असतील तर तीच वाढ नळीला एका बाजूला ढकलते.

दुसरी गोष्ट लक्षात यायला मला स्वतःला वेळ लागला. पोलादी स्क्रूने ॲल्युमिनियमची रिंग आवळलेली असताना उष्णता वाढली तर ॲल्युमिनियम स्क्रूपेक्षा जास्त फुगते आणि पकड उलट घट्ट होते. पकड ढिली होते ती थंड झाल्यावर. त्यामुळे भर दुपारी अंगणात बसून, तापलेल्या रायफलवर आवळलेले माउंट पहाटेच्या गारव्यात ढिले पडते. "काल तर घट्ट केले होते" ही तक्रार बहुतेक वेळा अशा दुपारच्या जोडणीतून आलेली असते. माझा मूळ व्यवसाय मोजमापाच्या उपकरणांचा. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी गेज तपासण्याच्या विभागात होतो आणि तिथे कुठलाही तुकडा मोजण्याआधी त्याला खोलीच्या तापमानाला, म्हणजे २० अंशांना, येईपर्यंत ठेवून देण्याची सक्त पद्धत होती. रायफलवर स्कोप बसवतानाही हीच पद्धत पाळावी. रायफल, माउंट, स्कोप आणि पाना हे सर्व एकाच सावलीच्या खोलीत किमान तासभर शेजारी ठेवावे आणि मगच हात घालावा. २० अंश नागपुरात उन्हाळ्यात मिळणार नाहीत, पण सर्व भाग एकाच तापमानाला असणे महत्त्वाचे आहे.

तपासणीआधी

रायफल रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी. स्प्रिंगची रायफल असेल तर ती ताणलेली नाही हे पाहावे, पीसीपी असेल तर मॅगझिन काढावे आणि नळीत छर्रा नाही हे तपासावे, पॉइंट टू-टू असेल तर बोल्ट काढून बाजूला ठेवावा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. यातली कुठलीही गोष्ट "मला माहीत आहे" म्हणून सोडू नये.

पहिली पायरी : वही

दोन दिवस तीन वेळा, म्हणजे सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा वाजता, प्रत्येकी पाच छर्ऱ्यांचे दोन ग्रुप (पुंजके) एकाच टेकणीवरून मारावेत. क्लिक अजिबात फिरवू नयेत. प्रत्येक कागदावर वेळ, तापमान, रायफल उन्हात होती की सावलीत, आणि छर्ऱ्याचा प्रकार लिहावा. हा टप्पा लोक टाळतात आणि नेमके तेच चुकते, कारण क्लिक फिरवत राहिले की खरा दोष कुठल्या दिशेने जातो हे कधीच कळत नाही.

पुंजका सरळ वर जात असेल आणि आडवा अजिबात सरकत नसेल, तर स्कोपआधी छर्ऱ्याच्या वेगाचा विचार करावा. गॅस पिस्टनच्या (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूने पिस्टन ढकलणाऱ्या) रायफलमध्ये आतला वायू तापला की दाब वाढतो आणि वेग वाढतो. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीत हा परिणाम फारच ठळक असतो, कारण त्या वायूचा दाब तापमानावरच ठरतो. रेग्युलेटर (दाब सारखा ठेवणारा भाग) नसलेल्या पीसीपीमध्येही टाकीचा दाब बदलला की नेम उभ्या रेषेत हलतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये कोणी कॉम्प्रेशन ट्यूबमध्ये (पिस्टन हवा दाबतो ती नळी) तेल सोडले असेल तर ते उन्हाळ्यात पेटते, आवाज मोठा येतो, नळीतून धूर दिसतो आणि वेग प्रत्येक वेळी वेगळा निघतो. लांबच्या पल्ल्यावर हवेचाही थोडा वाटा असतो : ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते, त्यामुळे छर्रा कमी अडवला जातो. दहा मीटरवर हा शेवटचा परिणाम नगण्य आहे.

पुंजका आडवा किंवा तिरका सरकत असेल तर वेगाचा संबंध नाही. दोष जोडांत आहे आणि पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

दुसरी पायरी : सावली आणि पॅरालॅक्स

रायफल उन्हात एका कुशीवर पडली असेल तर स्कोपच्या नळीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते आणि नळी किंचित कमानते. दोन ग्रुपांच्या मधल्या वेळेत स्कोपवर पांढरा सुती दुपट्टा टाकून ठेवावा, जो नागपुरात या दिवसांत तसाही प्रत्येकाच्या गळ्यात असतो. तो कोरडा असावा. ओल्या कापडाने नळीची एकच बाजू अचानक थंड होते आणि त्रास वाढतो, शिवाय स्क्रूंच्या खाचांत पाणी शिरते. सावलीत ठेवून तीच चाचणी केल्यावर पुंजका जागेवर राहिला तर काहीही दुरुस्त करण्याची गरज नाही.

चौथे लक्षण, म्हणजे हलणारे चित्र, याचेही उत्तर बहुधा इथेच मिळते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा प्रकाश वाकवते आणि लक्ष्य खऱ्या जागेपेक्षा वेगळ्या जागी दिसते. काळ्या मातीच्या शेतात किंवा सिमेंटच्या अंगणात हे फार होते. पॉइंट टू-टूमध्ये सलग गोळ्या झाडल्यावर नळीही तापते आणि तिच्यावरून उठणारी हवा थेट स्कोपच्या पुढच्या भिंगासमोरून जाते. एअर रायफलमध्ये दारू जळत नसल्याने नळी झाडण्याने तापत नाही. ती तापते फक्त उन्हाने. स्कोपचे मॅग्निफिकेशन (चित्र मोठे दाखवणे) कमी केले की चित्राचे हलणे कमी जाणवते, आणि सकाळी नऊच्या आत सराव संपवला तर हा प्रश्न जवळजवळ राहत नाही.

पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम हललेला दिसणे, तपासायला दोन मिनिटे लागतात. रायफल टेकणीवर पक्की ठेवून, हात न लावता, डोळा स्कोपमागे वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावा. क्रॉसहेअर लक्ष्यावर फिरताना दिसले तर पॅरालॅक्स त्या अंतराला जुळलेला नाही. बंदुकीसाठी बनवलेल्या अनेक स्कोपांचा पॅरालॅक्स कारखान्यातच १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला, पक्का केलेला असतो आणि दहा मीटरवर असा स्कोप डोक्याच्या किंचित फरकाने नेम बदलतो. दुपारी घामाने गाल दस्त्यावर सकाळच्या जागी टेकत नाही, डोके दोन-तीन मिलिमीटर सरकते आणि दोष उन्हाच्या नावावर जातो. दहा मीटरसाठी ज्याचा पुढचा किंवा बाजूचा फोकस नऊ-दहा मीटरपर्यंत उतरतो असाच स्कोप हवा.

तिसरी पायरी : खुणा

बारीक कुंचल्याने नेलपॉलिशची एक रेघ रिंगेवरून स्कोपच्या नळीवर आणि दुसरी माउंटवरून डव्हटेलवर ओढावी. वाळल्यावर पन्नास छर्रे मारावेत. रेघ तुटली किंवा सरकली तर काय हलते आहे याचा डोळ्यांसमोर पुरावा मिळतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन सुटताना रायफल आधी मागे जाते आणि पिस्टन पुढे आदळताच झटक्याने पुढे येते. या पुढच्या झटक्यात स्कोप मागे राहतो आणि दर छर्ऱ्याला केसभर मागे सरकतो. दुसरे लक्षण, म्हणजे परत न येणारा झिरो, दिसल्यावर मी दुसरे काही करण्याआधी ही रेघ ओढतो.

चौथी पायरी : दस्त्याचे स्क्रू

तिसरे लक्षण, म्हणजे विस्कटलेला ग्रुप, असेल तर स्कोपला हात न लावता आधी दस्त्याचे स्क्रू पाहावेत. लाकडी दस्ता पावसाळ्यात ओलावा घेऊन फुगतो आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतो. पावसाळ्यात आवळलेले स्क्रू एप्रिलमध्ये ढिले असतात, कारण त्यांच्याखालचे लाकूडच बारीक झालेले असते. यात आपल्या कूलरचाही वाटा आहे. ज्या खोलीत दिवसभर कूलर चालतो तिथे हवा दमट असते आणि बाहेर अंगणात अगदी कोरडी, म्हणून रायफल कूलरच्या झोतात ठेवून सराव बाहेर करणाऱ्यांचे लाकूड रोज थोडे फुगते आणि रोज थोडे सुकते. रायफल कूलरपासून दूरच्या, कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवावी. स्क्रू योग्य मापाच्या पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने, पुढचे दोन आणि चापाजवळचा एक, पाळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. ते फिरता फिरता थांबत नसतील तर लाकडातली बैठक गेली आहे आणि ती सुताराकडून नव्हे, बंदुकीचे काम करणाऱ्याकडून भरून घ्यावी.

पाचवी पायरी : माउंट काढून पुन्हा बसवणे

इथे काम थोडे वाढते आणि माझ्या अनुभवात बहुतेक दोष इथेच सापडतात.

स्कोप उतरवल्यावर रिंगांच्या आत काय आहे ते आधी पाहावे. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीची रायफल घेऊन आले. त्यांनी दोन उन्हाळ्यांत दोन स्कोप बदलले होते आणि तिसरा घ्यायला निघाले होते. रिंगा उघडल्या तर आत काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, कारण कोणीतरी त्यांना सांगितले होते की त्याने पकड चांगली बसते आणि नळीवर ओरखडे येत नाहीत. मे महिन्यात त्या टेपचा गोंद मऊ होऊन काकवीसारखा पसरला होता आणि स्कोप त्यावर तरंगत होता. टेप काढली, गोंद स्पिरिटने पुसला, पहिलाच जुना स्कोप परत बसवला आणि तो आजही त्या रायफलवर आहे. ती मुलगी दोन हंगाम स्वतःच्या डोळ्यांवर आणि हातांवर शंका घेत राहिली, याचे मला आजही वाईट वाटते. रिंगेत टेप, रबर, कागद यांपैकी काहीही घालू नये. उत्पादकाने स्वतः रिंगेत पातळ अस्तर दिलेले असेल तेवढाच अपवाद.

डव्हटेलची खाच आणि माउंटचे जबडे हे दोन्ही कोरडे व स्वच्छ हवेत. पावसाळ्यात गंज लागू नये म्हणून लोक रायफलला सढळ हाताने तेल लावतात, उन्हाळ्यात ते पातळ होऊन डव्हटेलमध्ये उतरते आणि पकडीखाली जाऊन बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा साधे सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन खाच, जबडे, रिंगांच्या आतला भाग आणि स्क्रूंच्या आट्या पुसाव्यात. भिंगांना हा बोळा लावू नये. खाच पुसताना रंगाचा थेंब, लोखंडाचा कीस, वाळूचा कण असे काही अडकले आहे का हे नखाने चाचपावे. ०.०५ मिलिमीटरचा हिशेब वर दिला आहे, आणि वाळूचा साधा कण त्याहून मोठा असतो.

स्प्रिंगच्या रायफलवर दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्यावे, कारण त्याचे दोन्ही जबडे एकाच रेषेत कापलेले असतात आणि त्याला खाली रोधक पिन (माउंट मागे सरकू न देणारी) असते. रिसीव्हरवर त्या पिनसाठी भोक असेल तर पिन त्यात नीट उतरली आहे हे पाहावे. तिचे टोक भोकाच्या तळाला टेकून माउंट वर उचलले जात नाही ना, हेही तपासावे, कारण तसे झाले तर सर्व पकड एका बिंदूवर येते.

आवळताना आधी खालचे जबडे, मग रिंगांच्या वरच्या टोप्या. चार स्क्रूंच्या टोप्या तिरक्या जोडीने, पाव-पाव फेऱ्यांनी आवळाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. वरच्या टोप्यांच्या स्क्रूंसाठी १.७ ते २ न्यूटन-मीटर एवढा जोर सामान्यतः पुरतो, मात्र माउंटसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. टॉर्क ड्रायव्हर नसल्यास एलन कीचा लांब दांडा भोकात आणि आखूड दांडा दोन बोटांत धरून आवळावे, म्हणजे जोर मर्यादेत राहतो. पाइप घालून दांडा लांब करणे म्हणजे स्कोपची नळी चेपण्याची हमी आहे. स्क्रू लॉक करायचा असल्यास निळे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (स्क्रूच्या आट्या धरून ठेवणारे द्रव) फक्त खालच्या जबड्यांच्या स्क्रूंना एक थेंब लावावे. ओल्या आट्या निसटत्या असतात, म्हणून आवळण्याचा जोर थोडा कमी ठेवावा. लाल थ्रेडलॉकर कधीही लावू नये. ते सोडवायला दोनशे-अडीचशे अंशांची उष्णता द्यावी लागते आणि तेवढ्या उष्णतेत स्कोपच्या सील आणि भिंगांचे लेपन टिकणार नाही.

सहावी पायरी : टरेट कुठे उभे आहे

मधून मोडणाऱ्या स्प्रिंगच्या रायफलची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. तो झुकाव भरून काढायला लोक उंचीचा टरेट (नेम बदलायची चकती) वर वर फिरवत नेतात आणि तो शेवटाला पोहोचतो. तिथे आतल्या नळीला धरून ठेवणारी स्प्रिंग जवळजवळ सैल पडते आणि प्रत्येक झटक्याला क्रॉसहेअर थोडे वेगळे बसते. उन्हाळ्यात आतले ग्रीस पातळ झाले की हे आणखी वाढते. टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून एकूण क्लिक मोजावेत आणि आपला झिरो मध्यापासून किती दूर आहे ते पाहावे. टोकाच्या शेवटच्या एक चतुर्थांशात असेल तर उतार दिलेले किंवा उंची बदलता येणारे माउंट घ्यावे. मागच्या रिंगेखाली फिल्मचा तुकडा घालणे हा तात्पुरता उपाय अनेकजण सांगतात. मी तो सुचवत नाही, कारण त्याने नळी दोन रिंगांत वाकते आणि उष्णतेचा ताण नेमका तिथेच बसतो.

सातवी पायरी : अदलाबदल

इथवर दोष सापडला नसेल तर एखाद्या मित्राचा, दुसऱ्या रायफलवर झिरो टिकवणारा स्कोप आपल्या रायफलवर लावून सकाळ-दुपारची तीच चाचणी करावी. पुंजका तरीही सरकला तर आपला स्कोप निर्दोष आहे, आणि नळीचा जोड, बॅरलची कडी किंवा रिसीव्हर तपासावा लागेल. पुंजका थांबला तर दोष स्कोपमध्ये आहे. स्कोप स्प्रिंगच्या रायफलसाठी बनवलेला आहे का हे खोक्यावर पाहावे. मोठ्या काडतुसाच्या बंदुकीचा मागे जाणारा धक्का सोसणारा स्कोपही एअर रायफलच्या पुढे जाणाऱ्या झटक्याने आतून ढिला होऊ शकतो.

गाडीत ठेवण्याविषयी

हे तपासणीत येत नाही, पण इतके स्कोप यामुळे गेले आहेत की वेगळे लिहिणे भाग आहे. उन्हात उभ्या गाडीचा आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. स्कोपमध्ये कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो. २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेल्यास त्याचा दाब सुमारे १३ टक्के वाढतो आणि रबराच्या सील रोज थोड्या ताणल्या जातात. अशा दोन-तीन उन्हाळ्यांनी त्या कडक होतात आणि पहिल्या पावसात आत धुके धरते. पीसीपीची टाकी तर गाडीत कधीच ठेवू नये : २५ अंशांना २०० बार भरलेली टाकी ६० अंशांना जवळपास २२३ बार दाखवते. प्रकाशित क्रॉसहेअरच्या स्कोपमधली बटणासारखी बॅटरी उन्हाळ्यात काढून ठेवावी. स्कोपची दोन्ही झाकणे लावलेलीच असावीत, कारण पुढच्या भिंगातून आत आलेले ऊन एका बिंदूवर गोळा होऊन क्रॉसहेअरच जाळू शकते. आणि बंदूक गाडीत एकटी सोडणे सुरक्षेच्या दृष्टीनेही चुकीचेच आहे.

इथे थांबावे

भिंगाच्या आत धुके किंवा तेलकट डाग दिसत असेल, तर स्कोप उघडू नये. तो उघडला की वायू निघून जातो आणि घरी परत भरता येत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर उत्पादकाकडे, नसेल तर दुर्बिणींची दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावा.

नळीवर रिंगेच्या कडेची खोलगट खूण बोटाला लागत असेल किंवा टरेट एखाद्या जागी अडकत असेल, तर आतली नळी दाबली गेली आहे. आणखी आवळून किंवा सैल करून ते सुधारणार नाही.

रिसीव्हरमधल्या आट्या गेल्या असतील, डव्हटेलची कड चेपली असेल, नवे भोक पाडायचे असेल किंवा बेस बदलायचा असेल, तर ते काम कुठल्याही वर्कशॉपमध्ये करून घेऊ नये, मग तो टर्नर कितीही हुशार असो. बंदुकीची दुरुस्ती, बदल आणि चाचणी यांसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो. पॉइंट टू-टू रायफल परवाना नसलेल्या कारागिराच्या लेथवर चढवणे हा तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठीही गुन्हा ठरू शकतो. परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडेच जावे. एअर रायफलचे भोकही त्याच्याकडूनच पाडून घ्यावे, कारण कॉम्प्रेशन ट्यूबच्या भिंतीत दोन मिलिमीटर जास्त खोल गेलेले ड्रिल ती रायफल कायमची निकामी करते.

मोडणाऱ्या नळीचा जोड हाताने हलत असेल, स्प्रिंग तुटल्याचा किंवा घासल्याचा आवाज येत असेल किंवा पीसीपीतून हवा गळत असेल, तरही पान्याला हात लावू नये. ताणलेली स्प्रिंग आणि २०० बारची हवा या दोन्ही गोष्टी हाताची बोटे घेऊन जाऊ शकतात.

कारागिराकडे जाताना पहिल्या पायरीतले सगळे कागद वेळ आणि तापमानासह घेऊन जावे, स्कोप रायफलवरून उतरवू नये आणि नेलपॉलिशच्या रेघा पुसू नयेत. माउंट कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी बसवले होते तेही आठवून सांगावे.